बीथोव्हेनचे 32 सोनाटा: कुणाचं रेकॉर्डिंग घ्यायचं हे ऐकून कसं ठरवायचं

बीथोव्हेनचे पियानोसाठीचे 32 सोनाटा, म्हणजे काही भागांत वाजवायच्या लांब रचना, खूप जणांनी रेकॉर्ड केलेत. आधीच सांगतो, 32च्या 32 सोनाटा एका पियानिस्टचे ऐकायचे, मग दुसऱ्याचे, असं करू नका. मी तसंच सुरू केलं होतं आणि दहाव्या सोनाटापर्यंत आधीच्याचं काहीच आठवेना. बंदिश जशी आपण एकच घेऊन तीन-चार गवयांकडून ऐकतो ना, तसंच करायचं, एकच छोटा तुकडा घ्यायचा आणि तोच सगळ्यांकडून ऐकायचा. फक्त इथे स्वर सगळ्यांना तेच लिहून दिलेत, त्यामुळे फरक शोधायचा तो वेगात, वजनात, पेडलमध्ये (पायाने दाबलं की सूर घुमत राहतात) आणि मध्ये सोडलेल्या जागेत.

सुरुवातीला चार जण बास झाले. आर्तुर श्नाबेल, 1932 ते 35 मध्ये लंडनला केलेलं, 32 सोनाटांचं पहिलं पूर्ण रेकॉर्डिंग. विल्हेल्म केम्फ, त्याचे दोन संच आहेत, 50च्या दशकातला मोनो आणि 1964-65चा स्टिरिओ, कुठला लावलाय ते नक्की बघा. एमिल गिलेल्स, हा 1985 मध्ये गेला तेव्हा पाच सोनाटा राहून गेले, शेवटचा सोनाटा, ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) 111, हासुद्धा त्याच्या संचात नाही. आणि आंद्राश शिफ, आपल्या काळातला.

आता तुकडा. मूनलाइट नावाच्या सोनाटाची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग घ्या, सुरुवातीची दोन मिनिटं. वरवर बघायला गेलं तर काहीच नाही, तीन-तीन सुरांची लाट चालूच राहते आणि थोड्या वेळाने वर एकच सूर तीनदा वाजतो, लांब, आखूड, लांब. तो मधला आखूड सूर पकडा. तो लाटेतल्या तिसऱ्या सुराच्या किंचित नंतर पडायला हवा, काही जणांकडे तो तिसऱ्यावरच चिकटतो आणि सगळं मऊ होऊन जातं. मला तो वेगळा पडलेला आवडतो, कारण मग वरचा आवाज खरंच दुसऱ्या कुणाचातरी वाटतो. दुसरं म्हणजे वेग. बीथोव्हेनने अडाजिओ, म्हणजे संथ, लिहिलंय पण मात्रा दोनच धरायला सांगितल्यात, म्हणजे तेवढं रेंगाळायचं नाही, आणि वर डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारी गादी, पेडल दाबलं की उचलली जाते) न लावता वाजवा असंही लिहिलंय. शिफ हे मनावर घेतो, पेडल धरून ठेवतो, पुढे चालत राहतो आणि बाकीच्यांच्या चांगलाच आधी संपवतो. पहिल्यांदा ऐकून चुकल्यासारखं वाटेल, तीनदा ऐका.

ऐकायची वेळ पण महत्त्वाची आहे. आमच्या गंगापूर रोडला दिवसा शक्यच नाही, मी जानेवारीत रात्री अकरानंतर बसतो, थंडीमुळे पंखा बंद असतो आणि सुरांची शेपटी पूर्ण ऐकू येते. व्हॉल्यूम चौघांचा सारखा करून घ्या, हे फार लोक करत नाहीत, आणि जो थोडा मोठा वाजतो तोच चांगला वाटून बसतो. श्नाबेलला खरखर आहे, 78च्या तबकड्या होत्या, एका बाजूला साडेचार मिनिटांच्या आसपास, चुकलेला सूर नंतर कापून दुरुस्त करायची सोय नव्हती. पाच मिनिटं दिलीत की कान खरखर बाजूला ठेवतो.

मग नाव झाकून ऐका. मी घरच्यांना सांगतो, कुठलंही लावा, नाव सांगू नका. एकदा आई स्वयंपाकघरात गवार मोडत होती, तिने आयुष्यात हार्मोनियमपलीकडे काही वाजवलं नाही, तिसरं रेकॉर्डिंग लागल्यावर हात थांबवून म्हणाली, "हा वाक्य संपल्यावर श्वास घेतो रे." तो केम्फ निघाला. मी तोवर वेगच मोजत होतो, श्वास ऐकलाच नव्हता. तेव्हापासून वहीत एक रकाना श्वासाचा पण आहे.

ट्रॅकची मिनिटं बघून निष्कर्ष काढू नका, आधी रिपीट घेतलीय का, म्हणजे एखादा भाग परत वाजवलाय का, ते बघा. पॅथेटिक नावाच्या सोनाटामध्ये तर रिपीट कुठून घ्यायची यावरच मतभेद आहेत, बहुतेक जण वेगवान भागापासून घेतात, शिफ एकदम सुरुवातीच्या संथ ग्रावेपासून घेतो, त्यामुळे मिनिटं वाढतात पण तो हळू वाजवतोय असं नाही.

एवढं जमलं की हॅमरक्लाविअर हा सोनाटा घ्या, ओपस 106. बीथोव्हेनने सुरुवातीला मेट्रोनोमचा (मिनिटाला किती ठोके ते दाखवणारं यंत्र) आकडा 138 दिलाय, भयंकर वेग. श्नाबेल तो गाठायला धावतो, सूर सांडतात, गिलेल्स निवांत, प्रत्येक थर दाखवत जातो. मला गिलेल्स जास्त जवळचा, पण धावण्यातली ती जिद्द श्नाबेलकडेच ऐकू येते, म्हणून दोन्ही ठेवलेत. त्यातली संथ मूव्हमेंट कुणी 16 मिनिटांत संपवतं, कुणी 20च्या आसपास, ती मात्र तुकडे न करता एका दमात ऐका, आणि एका रात्री एकच पियानिस्ट.