पहिल्या पावसात जनावरांचं आतडं सांभाळा

पहिला पाऊस पडला, कोवळं गवत फुटलं की जनावर मोकळं सोडायची घाई होते. उन्हाळाभर सुका चारा खाल्लेलं जनावर दोन दिवस पोटभर हिरवं खातं आणि तिसऱ्या दिवशी पातळ हगतं. मग जुलाब थांबवायच्या गोळ्यांची शोधाशोध सुरू होते. बिघाड मात्र चारा बदलला तेव्हाच झालेला असतो.

कोटीपोटातल्या, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, जिवाणूंची वस्ती चाऱ्याप्रमाणे बदलते. सुक्या चाऱ्यातला तंतू फोडणारे वेगळे, साखर आणि पिष्ट आंबवणारे वेगळे. हा बदल नीट व्हायला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. तोवर सकाळी आधी सुका चारा खाऊ घाला, मग तास-दोन तासच चरायला सोडा आणि वेळ हळूहळू वाढवा.

शेळ्या-मेंढ्यांत ही चूक जिवावर बेतते. आंत्रविषार म्हणजे आतड्यात विष तयार होऊन होणारा आजार. त्याचा जिवाणू निरोगी जनावराच्या आतड्यातही थोडाफार असतोच. कोवळं गवत किंवा धान्य एकदम जास्त पोटात गेलं की तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. त्यात बहुधा कळपातली सगळ्यात धष्टपुष्ट, अधाशी पिल्लंच आधी दगावतात. आजार झाल्यावर उपचाराला वेळच मिळत नाही, म्हणून लस पावसाळ्याआधी टोचा. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या जनावराला ठरलेल्या अंतराने दुसरी मात्रा लागते, ती बरेच जण विसरतात.

आता गोळ्यांबद्दल. लहान आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. योहान पेयर यांनी 1677 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पेयरचे पुंजके म्हणतात. त्यांच्यावरच्या खास पेशी आतड्यातल्या जिवाणूंचे नमुने आत ओढून घेतात. मग शरीर आयजीए नावाची प्रतिपिंडं बनवून आतड्यात सोडतं. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या प्राण्यांत हे पुंजके खुरटलेले राहतात आणि आयजीएही फार कमी बनतं. म्हणजे आतड्यातले जिवाणूच ही यंत्रणा घडवतात. म्हणूनच प्रत्येक हगवणीला प्रतिजैविकांच्या गोळ्या देणं मला पटत नाही. कित्येकदा कारण चारा, विषाणू किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) असतं. तिथे या गोळ्या बहुधा काही करत नाहीत, उपयोगाचे जिवाणू मात्र मारतात.

नवजात वासराची गोष्ट आणखी नाजूक. गाई-म्हशींच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत जात नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. ती रक्तात शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. वार पडायची वाट पाहू नका. पहिल्या दोन तासांत चीक पाजायला सुरुवात करा. पहिल्या दिवसात वजनाच्या निदान दहा टक्के चीक पोटात जायला हवा, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर. त्यानंतरचाही चीक वाया जात नाही. त्यातली प्रतिपिंडं रक्तात गेली नाहीत तरी आतड्यात जंतूंना अडवतात.

कोंबड्यांच्या पिल्लांत तर 1973 मध्येच दिसलं होतं की, मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू दिले की साल्मोनेला त्यांच्यात सहज ठाण मांडू शकत नाही. मात्र पावसाळ्यात लिटर, म्हणजे पिल्लांखाली अंथरलेला भुसा, ओलं राहिलं तर कॉक्सिडिया फोफावतात. रोज हलवा, ओला भाग काढून टाका.

वासराला हगवण लागली तर दूध बंद करू नका. दोन दुधांच्या मध्ये क्षार-ग्लुकोजचं पाणी पाजा. शेणात रक्त, ताप, खोल गेलेले डोळे किंवा उठता न येणं दिसलं तर लगेच पशुवैद्यक बोलवा. शेणाचा नमुना औषध देण्याआधीच घेऊन ठेवा. नंतरच्या नमुन्यात खरा जंतू सापडेलच असं नाही.