ए-लेव्हल प्रॉडक्ट डिझाइन : शिकवताना आणि गुण देताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, प्रॉडक्ट डिझाइन घेतलेल्या विद्यार्थ्याचे निम्मे गुण एकाच प्रकल्पावर अवलंबून असतात. एक्यूए या परीक्षा मंडळाचा ७५५२ क्रमांकाचा अभ्यासक्रम घ्या. पहिला पेपर अडीच तासांचा, १२० गुणांचा, त्याला ३० टक्के. दुसरा दीड तासाचा, ८० गुणांचा, त्याला २० टक्के. उरलेले ५० टक्के १०० गुणांच्या प्रकल्पाला, म्हणजे एनईएला (परीक्षेबाहेरच्या मूल्यमापनाला). हा प्रकल्प शाळेतले शिक्षकच तपासतात. मग मंडळाचा मॉडरेटर त्यातले निवडक प्रकल्प मागवून गुण योग्य दिलेत का हे पाहतो.

म्हणजे वर्षभर शिकवणारा आणि शेवटी गुण देणारा माणूस एकच. इथे होणाऱ्या बहुतेक चुका या दुहेरी भूमिकेतून येतात, आणि त्यांचा फटका बसतो तो मुलांना. मुंबई-पुण्यातल्या आयबी आणि केंब्रिजच्या शाळांमध्ये डिझाइन शिकवणाऱ्यांसाठी गुणांची विभागणी वेगळी आहे, पण खाली लिहिलेलं बरंचसं त्यांनाही उपयोगी पडेल.

वस्तू आधी ठरते, अडचण नंतर शोधली जाते

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ए-लेव्हलला प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा असतो. बारावीच्या जूनमध्ये, म्हणजे ए-लेव्हलचं पहिलं वर्ष संपत आलं की, मुलगा येतो आणि म्हणतो, "सर, मी दिवा करणार." किंवा ब्लूटूथ स्पीकर, किंवा हेडफोनचा स्टँड. आपण हो म्हणतो, कारण मुलगा उत्साहात असतो आणि वर्कशॉपमध्ये ते करता येईल हे आपल्याला माहीत असतं. पुढचे दोन महिने मग तो दिव्यांचा इतिहास, बाजारातल्या चार दिव्यांची चित्रं आणि वर्गमित्रांना विचारलेला "तुम्हाला कुठला रंग आवडतो?" असा प्रश्न यांनी पानं भरतो.

प्रकल्पाच्या गुणांची विभागणी पाहिली की नुकसान कळतं. शक्यता शोधणं आणि तपासणं याला २० गुण, डिझाइन ब्रीफ (कोणासाठी काय सोडवायचं) आणि स्पेसिफिकेशन (वस्तूने पाळायच्या अटी) यांना १०. अडचणच नसेल तर या तीसातलं फारसं काही हाती लागत नाही. शेवटच्या मूल्यमापनाचे २० गुणही धोक्यात येतात, कारण काय सुटलं हे मोजायला आधी काहीतरी अडलेलं असावं लागतं.

उपाय साधा आहे. ब्रीफच्या पहिल्या मसुद्यात वस्तूचं नाव लिहू द्यायचं नाही. माणूस, जागा आणि काम एवढंच लिहायचं.

समजा, विद्यार्थिनीने लिहिलं : "संधिवाताने बोटं आखडलेले एक आजोबा अलॉटमेंटवर भाजी लावतात, त्यांना पाणी घालणं जड जातं." अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला लावण्यासाठी भाड्याने मिळणारा छोटा तुकडा, इंग्लंडमध्ये गावोगावी असतात. आता तिला तिथे पाठवा. प्रश्नावली घेऊन नको, कॅमेरा आणि वही घेऊन. ती पाहील की आजोबा हौदात झारी बुडवतात, कमरेएवढ्या कठड्यावरून वाकून भरलेली झारी एका हाताने वर ओढतात, त्याच क्षणी मनगट वाकडं होतं आणि ते थांबतात. वाफ्यावर पाणी ओतताना त्यांना फारसा त्रासच नाही. घरी बसून केलेल्या अंदाजात अडचण ओतण्यात होती, प्रत्यक्षात ती उचलण्यात निघाली. मग उत्तर झारीच असेल असंही नाही. हौदाच्या कडेला अडकवायची एखादी घोडी असू शकते, झारीच्या मागे खालच्या बाजूला दुसरी मूठ असू शकते. शोध यालाच म्हणायचं, आणि त्या एका भेटीची दोन पानं इंटरनेटवरून उतरवलेल्या दहा पानांपेक्षा जास्त गुण देऊन जातात.

न मोजता येणारं स्पेसिफिकेशन

"हलकं, आकर्षक, टिकाऊ, पर्यावरणपूरक असावं." हे वाक्य प्रकल्पाच्या कुठल्याही फोल्डरमध्ये चिकटवता येतं, म्हणून ते कुठल्याच फोल्डरच्या कामाचं नाही.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. एक्यूएच्या अभ्यासक्रमात चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा अभ्यास आहे. याच दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत श्रेष्ठ वाटला तो लोटा. लोटा नव्याने घडवायचा तर काय काय विचारात घ्यावं लागेल याची यादीच त्यांनी दिली. पाणी किती न्यायचं, हात कोणाचा आणि केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर की हातात, रिकामा असताना तोल कसा, भरलेला असताना कसा, ओतायला तिरका केला की कसा. आपल्या घरातल्या लोट्याकडे पाहून केलेली ही यादी स्पेसिफिकेशन शिकवायला माझ्या मते सर्वोत्तम धडा आहे. लेस्टरच्या वर्गातही चालते आणि ठाण्याच्याही.

आता तीच नजर झारीवर टाका. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, साधारण ४९ न्यूटन. झारीचा गुरुत्वमध्य मुठीपासून २० सेंटिमीटर पुढे असेल, तर नुसत्या पाण्यामुळेच मनगटावर जवळजवळ १० न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. मूठ सरकवून हे अंतर ५ सेंटिमीटरवर आणलं की पीळ अडीचच्या आत येतो. म्हणजे स्पेसिफिकेशनमधला मुद्दा असा लिहिता येतो : "भरलेली झारी उचलताना गुरुत्वमध्य मुठीपासून ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब नसावा, झारी दोरीने टांगून तपासणार." कारण, आकडा आणि तपासण्याची पद्धत, तिन्ही एका ओळीत आले. लेखी परीक्षेत किमान १५ टक्के गुण गणिती कौशल्यांना असतात, त्यामुळे प्रकल्पात केलेलं हे गणित पेपरातही कामी येतं.

मापं घेताना आणखी एक गफलत होते. मुलं थेट शरीरमापांच्या तक्त्यातली पाचव्या आणि पंचाण्णवाव्या पर्सेंटाइलची, म्हणजे शंभरातल्या अगदी लहान आणि अगदी मोठ्या माणसांची, मापं उतरवतात. समोर खरा माणूस असेल तर आधी त्याचा हात मोजा, आखडलेल्या बोटांसकट. ही वस्तू कारखान्यात होऊन अनेकांच्या हातात जायची असेल तेव्हा तक्ता लागतो.

विकासाच्या नावाखाली सजावट

चार कल्पना, प्रत्येकीला रंग, मग एका कल्पनेखाली "अंतिम" आणि पुढे संगणकावरची चकचकीत चित्रं. डिझाइन विकसित करण्याला २५ आणि प्रोटोटाइपच्या (प्रत्यक्ष नमुन्याच्या) विकासाला २५, असे पन्नास गुण इथे आहेत, आणि बऱ्याच फोल्डरमध्ये इथेच काही घडत नाही. ओळखायची खूण अशी : विकासाच्या पानांचा क्रम उलटसुलट केला आणि तरीही काही बिघडलं नाही, तर तो विकास नाही.

बिनपिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या जेम्स डायसनचे ५,१२७ प्रोटोटाइप मुलं मोठ्या आवडीने लिहितात. त्यांना विचारा, एकातून दुसऱ्यात नेमकं काय बदललं असेल? डायसन एका वेळी एकच गोष्ट बदलत गेला, म्हणून प्रत्येक मॉडेलने त्याला काहीतरी सांगितलं. शाळेत पाच हजार नकोत, सहा-सात पुरे, पण प्रत्येकाच्या डोक्यावर एक प्रश्न लिहिलेला हवा. निळ्या फोमच्या तीन मुठी करा, २५, ३२ आणि ४० मिलिमीटर जाडीच्या. आजोबांच्या हातात द्या, बोटं कुठे टेकतात त्याचा जवळून फोटो घ्या, ते काय म्हणाले ते त्यांच्या शब्दांत लिहा आणि त्यामुळे पुढच्या मॉडेलमध्ये काय बदललं ते बाजूला लिहा. पुठ्ठा, फोम आणि चिकटपट्टीचं मॉडेल पाऊण तासात होतं. थ्रीडी प्रिंट रात्रभर चालतं, आणि रात्रभर चाललेलं मॉडेल चुकीचं ठरवायला मूल तयार होत नाही.

थ्रीडी प्रिंटरचा आणखी एक सापळा आहे. त्यात वापरलं जाणारं पीएलए हे प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि प्रिंट दोन थरांच्या जोडावर सहज दुभंगतो. थर आडवे पडतील अशा तऱ्हेने उभी छापलेली मूठ भरलेल्या झारीसकट तुटली, तर आजोबांच्या पायावर पाच किलो पाणी पडणार. कुठला भाग कोणत्या दिशेने छापला आणि का, हे फोल्डरमध्ये यायलाच हवं. लेझर कटरवर पीव्हीसी कधीही कापू देऊ नका; त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही.

वर्कशॉपमधली पद्धत आणि कारखान्यातली पद्धत यांत फरक करायलाही शिकवा. "थ्रीडी प्रिंटने दहा हजार नग बनवू" असं लिहिणारी मुलं हुशार असतात, फक्त त्यांना कोणी अडवलेलं नसतं. दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची झारी हातात घ्या. बरेचदा ती ब्लो मोल्डिंगची असते : गरम प्लॅस्टिकची नळी साच्यात सोडायची, साचा मिटायचा, आत हवा फुंकायची. अंगावरून बोट फिरवलं की साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ लागते. कोपऱ्यांवर भिंत पातळ होते, कारण तिथपर्यंत प्लॅस्टिक ताणलं जातं. विद्यार्थिनीची नवी मूठ अशा साच्यातून निघेल का, हा प्रश्न तिला प्रकल्पात उपयोगी पडेलच. दुसऱ्या पेपरात व्यावसायिक उत्पादनावर ५० गुणांचा भाग आहे, तिथे तिचं उत्तर पाठ केलेलं वाटणार नाही.

मदत कुठे थांबवायची

एका वर्गातल्या सगळ्या फोल्डरमध्ये तीच शीर्षकं, त्याच क्रमाने, त्याच चौकटीत दिसली की मॉडरेटरला जे समजायचं ते समजतं. आपण नियमानुसार सर्वसाधारण सल्ला देऊ शकतो, मुलांनी त्यावर काम सुधारलं तरी चालतं. त्या प्रकल्पासाठी तयार केलेल्या भरायच्या चौकटी, नमुना उत्तरं किंवा "इथे हे वाक्य टाक" असं सांगणं चालत नाही. त्यापलीकडे मदत केली असेल तर ती नोंदवायची आणि गुण देताना धरायची. हे लपवणं मुलासाठीही धोक्याचं आहे.

मदत प्रश्नांतून करा. "स्पेसिफिकेशनमधला चौथा मुद्दा तू तपासणार कसा?" हा प्रश्न विचारायला कुठलाच नियम आडवा येत नाही. एआयच्या बाबतीतही तेच. वापर केला तर नोंद हवी, आणि काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे यावर आपली सही असते. ती सही करण्याआधी फोल्डरमधलं कुठलंही पान उघडून मुलाला दोन मिनिटं बोलतं करा.

गुण देताना

सुबक वस्तू पाहून फोल्डर आपोआप चांगला वाटू लागतो. मेहनती, गोड स्वभावाच्या मुलीचा फोल्डर तपासताना पेन सैल पडतं. हे माणसाला होणारच, म्हणून त्यावर इलाज पद्धतीत हवा. एका मुलाचा पूर्ण फोल्डर सलग तपासू नका. सगळ्यांचा पहिला विभाग, मग सगळ्यांचा दुसरा, असं करा. एका विभागातली चमक मग दुसऱ्या विभागात झिरपत नाही. दोन शिक्षक असतील तर सुरुवात मधल्या दर्जाच्या फोल्डरपासून करा, दोघांनी वेगवेगळे गुण द्या आणि मगच बोला. सर्वांत चांगल्या फोल्डरवर सगळ्यांचं एकमत होतं, मतभेद मधल्यांवर होतात.

गुणांचा स्तर ठरवताना मंडळाने दिलेल्या वर्णनाशी सर्वाधिक जुळणारा स्तर निवडायचा असतो. एक वाक्य जुळलं नाही म्हणून मूल खालच्या स्तरात जात नाही, आणि एक पान झकास आहे म्हणून वरही जात नाही.

मॉडरेटरच्या हातात वस्तू येत नाही, फोटो येतात. पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या झारीचा फोटो सुंदर असतो, पण आजोबा हौदातून ती उचलताना मनगट सरळ आहे हे दाखवणारा फोटो गुण मिळवून देतो. जोडकामाचे जवळून फोटो आणि शेजारी पट्टी ठेवलेला एखादा फोटो, हेही हवेत.

मूल्यमापनात "क्लायंटला (ज्याच्यासाठी वस्तू केली त्याला) आवडलं" एवढंच दिसलं तर आधी थांबवा. क्लायंट खरा असेल तर त्याच्याकडे प्रोटोटाइप आठवडाभर ठेवा. आणि क्लायंटचा अभिप्राय मुलाने मनाने रचल्याची शंका आली तर ती तिथल्या तिथे विचारा, कारण तो गैरप्रकारात मोडतो.

मार्चमध्ये काम अडकलं तर

मे महिन्यात गुण मंडळाकडे जायचे असतात, आणि मार्चमध्ये एखाद्याचा प्रोटोटाइप अर्धाच असतो. अशा वेळी अनेक शिक्षक मुलाला वर्कशॉपमध्ये बसवून "काहीही करून पूर्ण कर" म्हणतात. मी उलट सांगेन. झारीचं अंग अपुरं असेल तर राहू द्या. मूठ आणि तिचा जोड पूर्ण करा, पाच लिटर पाण्याची बादली त्याला लटकवा, मनगटावरचा पीळ मोजा, आजोबांना उचलायला द्या. प्रोटोटाइपचे काही गुण जातील. पण मूल्यमापनाचे २० गुण अजून जागेवर आहेत, आणि स्पेसिफिकेशनमधल्या कुठल्या मुद्द्याची तपासणी झाली, कुठल्याची राहिली आणि का, हे लिहायला दोन दिवस पुरतात. गुणपत्रिकेवर प्रत्येक विभागासमोर त्या पुराव्याचा पान क्रमांक लिहा, म्हणजे मॉडरेटरला तो शोधत बसावं लागणार नाही.