इंग्रजी पत्रात मान कुठे ठेवायचा?

फोर्टातल्या एका कचेरीत स्टेनो म्हणून माझी ३१ वर्षं गेली. निवृत्त झाले तरी गिरगावच्या आमच्या चाळीत कुणाला इंग्रजी पत्र लिहायचं असलं की पावलं माझ्याच दाराशी येतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या खोलीतले नाना आले. पासबुक हरवलं होतं, बँकेला अर्ज द्यायचा होता. त्यांनी लिहून आणलं होतं, ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट...’ पासबुकाचं नाव निघायला सातवी ओळ उजाडली!

नानांची अडचण मला कळते. मराठीत तू, तुम्ही, आपण अशी उतरंड आहे. इंग्रजीत मॅनेजरलाही ‘यू’ आणि भाच्यालाही ‘यू’. मग मान ठेवायचा कुठे? सुरुवातीच्या मायन्यात, सहीच्या वरच्या ओळीत आणि ‘कुड’, ‘वुड’मध्ये. ‘बेग’ करायची गरज नाही.

पत्र असं बसवलं. वर आपला पत्ता, पिनकोडसकट, आमचा ४००००४. नाव तिथे नाही, ते सहीखाली. मग तारीख, मग ‘द ब्रँच मॅनेजर’ आणि शाखेचा पत्ता. विषयाच्या ओळीत ‘रिक्वेस्ट फॉर अ डुप्लिकेट पासबुक’ आणि तिथेच खातेक्रमांक, कारण टेबलावरचा माणूस आधी तेवढंच बघतो. पहिलं वाक्य, ‘आय हॅव लॉस्ट माय पासबुक.’ दुसरं, ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड इश्यू अ डुप्लिकेट.’ सोबत काय जोडलंय ते सांगितलं की झालं. ‘काइंडली डू द नीडफुल’ मी खोडलं. काय हवंय ते वर सांगितलंय की!

अनोळखी साहेबाला ‘डिअर’ लिहिताना नाना अडखळले. अहो, त्यात माया नसते, ते आपलं ‘महोदय’ समजा. आता सही. ब्रिटिश रिवाज असा, की ‘डिअर सर ऑर मॅडम’ने सुरुवात केली तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’. आडनाव घालून केली तर ‘युअर्स सिन्सिअरली’. ‘युअर्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी येत नाही आणि दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ती ॲपॉस्ट्रॉफी घातली होती. साहेबांनी लाल पेन्सिलीने गोल केला आणि दोन कार्बन कॉप्यांसकट सगळं पुन्हा टाइप करायला लावलं.

आपली मराठीही मधूनच डोकावते. ‘पाच दिवसांपासून ताप’ म्हणून लोक ‘सिन्स फाइव्ह डेज’ लिहितात. दिवस मोजलेत तर ‘फॉर फाइव्ह डेज’. वार सांगायचा तर ‘सिन्स मंडे’. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको.

नानांची नात नववीत आहे, तिला मैत्रिणीला पत्र लिहायचा गृहपाठ होता. इथे आपला पत्ता आणि तारीख पुरते. समोरच्याचा पत्ता, विषय काही नको. तिने सुरुवात केली होती, ‘आय ॲम फाइन हिअर अँड होप यू आर ऑल्सो फाइन.’ मी विचारलं, “डोंबिवलीला गेली ती मैत्रीण समोर आली तर पहिलं काय सांगशील?” म्हणाली, “तिच्या जागेवर आता कोण बसतं ते!” मग तेच लिहिलं: ‘यू वोन्ट बिलीव्ह हू सिट्स इन युअर प्लेस नाउ!’ इथे ‘वोन्ट’, ‘डोन्ट’ खुशाल वापरा. बँकेला मात्र ‘डू नॉट’. एखादा प्रश्न जरूर विचारा, म्हणजे उत्तराला निमित्त मिळतं. शेवटी ‘लव्ह’ आणि घरी हाक मारतात ते नाव.

नानांना मी दोन प्रती दिल्या. एक द्यायची, दुसरीवर तारखेसह पोच घ्यायची. संध्याकाळी ती दाखवायला आले. शिक्का नेमका त्यांच्या सहीवर बसला होता.