कुलूप दुरून लागण्याआधी: घर आणि छोट्या कचेरीसाठी तयारीची यादी

कोणी आपला फोन किंवा संगणकावरील फाइली कुलूपबंद करून पैसे मागेल, त्या दिवसाआधी करून ठेवायच्या कामांची ही यादी आहे. तिच्यातील पहिले काम संगणकावर करायचे नाही. एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि घरात किंवा कचेरीत इंटरनेटला जोडलेली जेवढी म्हणून उपकरणे आहेत त्यांची खोलीनिहाय नोंद करावी. फोन, टॅब, लॅपटॉप, मुलांच्या अभ्यासाचा जुना संगणक, वायफायचा राउटर, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि दिवाणखान्यातील टीव्ही, यांपैकी काहीही सोडू नये. प्रत्येकापुढे चार रकाने आखावेत. पहिल्यात उपकरणावर छापलेला त्याचा सिरियल क्रमांक लिहावा; फोन असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक. दुसऱ्यात खरेदीचे बिल कोठे ठेवले आहे ते, तिसऱ्यात ते उपकरण कोणत्या ॲपल, गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले आहे ते, आणि चौथ्यात त्या खात्याचा पासवर्ड आज नेमका कोणाकोणाला ठाऊक आहे ते लिहावे. चौथ्या रकान्याशी बहुतेकांचे पेन थबकते. आजोबांच्या फोनचे खाते दुकानदारानेच उघडून दिलेले असते आणि पासवर्ड त्याच्या डायरीत राहिलेला असतो; कचेरीतील संगणकावर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाचे खाते अजूनही ॲडमिन, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून ठाण मांडून असते.

वहीला पहिला मान देण्याचे कारण असे की, आपला फोन दुरून बंद करून पैसे मागणाऱ्याला पुष्कळदा स्वतःचे कुलूप घडवावेच लागत नाही. फोन हरवला तर मालकाला तो दुरून बंद करता यावा म्हणून कंपनीने दिलेली सोयच तो वापरतो. किल्ली तेवढी आपली असते आणि हात त्याचा. मे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील अनेक आयफोन व आयपॅडधारकांना भल्या पहाटे असेच अनुभव आले. पडद्यावर उपकरण हॅक झाल्याचा संदेश, ओलेग प्लिस असे एक नाव आणि १०० डॉलरपर्यंतची मागणी. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड ॲपलच्या खात्यांवर चालवून पाहणे एवढ्यावर असले काम भागते. त्या वेळी ज्यांनी फोनला आधीपासून पासकोड लावलेला होता, त्यांना तोच टाकून फोन उघडता आला, कारण आधीचा पासकोड असला तर दुरून नवा लावता येत नाही. ज्यांच्या फोनला पासकोडच नव्हता ते अडकले. सप्टेंबर २०१७ मध्ये मॅक संगणकांबाबत अशाच तक्रारी आल्या, आणि तेथे दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा कोड मागण्याची सोय, सुरू असूनही उपयोग झाला नाही. हरवलेला फोन शोधण्याच्या पानावर जाताना दुसरा कोड मागितला जात नाही, कारण ज्या फोनवर तो कोड यायचा तोच हरवलेला असू शकतो.

म्हणून वहीतील पुढच्या पानावर खात्यांची कामे येतात. प्रत्येक उपकरणाला पासकोड हवा, घरी बसून असलेल्या टॅबलाही. ॲपल, गूगल आणि मुख्य ई-मेल या तीन खात्यांचे पासवर्ड एकमेकांपासून आणि जगातील इतर सर्व पासवर्डांपासून वेगळे हवेत. किराणा मागवण्याच्या ॲपला दिलेला पासवर्ड ई-मेलला असणे म्हणजे घराची किल्ली दुधाच्या पिशवीत ठेवण्यासारखे आहे. दुहेरी पडताळणी सुरू करावीच, आणि गूगल देते ते आठ अंकी दहा बॅकअप कोड छापून वहीत चिकटवावेत, कारण फोनच बंद पडला तर ओटीपी येणार कोठे हा प्रश्न त्या दिवशी सुचून उपयोगाचा नसतो. खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. तीत ओळखीचे नसलेले किंवा विकून टाकलेले उपकरण दिसले तर ते काढून टाकावे. एक गोष्ट मुलांना नीट बसवून सांगावी की, कोणी खेळाचे विकत घेतलेले खाते किंवा फुकट ॲप देण्याच्या मिषाने स्वतःचे ॲपल खाते आपल्या फोनवर उघडायला सांगितले, तर त्या क्षणी आपल्या फोनचा मालक तो होतो. बिले जपावीत ती याचसाठी. ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोनला खात्याशी बांधणारे ॲपलचे कुलूप, अडकले तर ॲपलकडे खरेदीचा मूळ पुरावा दाखवावा लागतो, आणि पावतीविना रोखीने घेतलेल्या फोनाचा कोणी वाली नसतो.

अँड्रॉइड फोनवर धोक्याची वाट बहुधा व्हॉट्सॲपमधून येते. वाहतुकीच्या चलानाच्या, लग्नपत्रिकेच्या किंवा वीजबिलाच्या नावाने एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. एपीके म्हणजे ॲप बसवणारी फाइल; पत्रिका कधीही एपीके नसते. सेटिंगमध्ये अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी कोणकोणत्या ॲपना दिली आहे ते पाहून व्हॉट्सॲप आणि क्रोम या दोघांची ती परवानगी आजच काढून घ्यावी. तसेच ॲक्सेसिबिलिटी (पडदा वाचण्याचा व हाताळण्याचा अधिकार) आणि डिव्हाइस ॲडमिन (फोनवर हुकूम चालवण्याचा अधिकार) या दोन अधिकारांच्या याद्या उघडून तेथे अनपेक्षित नाव असेल तर ते बंद करावे, कारण पडदा व्यापून बसणारे ॲप याच दोन अधिकारांच्या जोरावर बसते. आपला फोन सेफ मोडमध्ये कसा सुरू होतो हे आधीच एकदा करून पाहावे. त्या अवस्थेत बाहेरून आलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे नको असलेले ॲप काढून टाकता येण्याची शक्यता असते.

आता बॅकअप, म्हणजे या साऱ्या तयारीचा गाभा. माझ्या आतेभावाचा प्रभादेवीला छपाईचा लहानसा व्यवसाय आहे. एका सोमवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला की टॅली, म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर, उघडत नाही. मी पोहोचलो तेव्हा प्रत्येक फाइलीच्या नावाला चार अनोळखी अक्षरांचे शेपूट लागलेले होते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी होती: ९८० डॉलर, पण ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. स्टॉप किंवा दिजावू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडणीच्या प्रोग्रामची ही ठरलेली बोली आहे, आणि तो बहुधा फुकटच्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येतो. येथेही डिझाइन करणाऱ्या मुलाने शनिवारी तसेच काही उतरवून घेतले होते. "अरे, बॅकअप आहे ना, रोजचा आहे," आतेभाऊ सांगत होता. ते खरेच होते. हिशेबनीस रोज संध्याकाळी ऑल्ट आणि वाय दाबून टॅलीचा बॅकअप निष्ठेने पेन ड्राइव्हवर घेत असत. तो पेन ड्राइव्ह सीपीयूच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, आठ महिने जागचा हललेला नव्हता. मी टेबलाखाली वाकून पाहिले तेव्हा त्याचा निळा दिवा लुकलुकत होता. त्यावरील प्रत्येक फाइलीलाही तेच शेपूट लागले होते.

त्याने पैसे दिले नाहीत. सीएकडे मार्चअखेरची प्रत होती, जीएसटीच्या पोर्टलवर भरलेली विवरणपत्रे होती, बँकेचे उतारे होते आणि गिऱ्हाइकांनी मंजुरीसाठी परत पाठवलेली डिझाइने ई-मेलमध्ये सापडली. त्यांवरून तीन आठवड्यांत हिशेब पुन्हा उभा राहिला. ठरवून ठेवलेली प्रत गेली आणि योगायोगाने दुसऱ्याच्या कचेरीत पडून असलेली प्रत कामी आली.

हाच प्रकार प्रचंड प्रमाणावर २७ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या नॉटपेट्या नावाच्या प्रोग्रामच्या हल्ल्यात घडला. त्यात मेर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोसळले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याची नामावली सांभाळणारे सर्व्हर जगभर एकमेकांची प्रत ठेवत होते आणि म्हणूनच एकदम गेले. वाचला तो घानामधील एक, कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली असल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. भारनियमनाचे गुण गाण्याची संधी सहसा मिळत नाही.

तेव्हा यादीत लिहावे की प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. व्यवहारात याचा अर्थ असा की लॅमिंग्टन रोडवरून किंवा कोठूनही दोन बाह्य हार्ड डिस्क बिलासह घ्याव्यात, एकीवर "सम" आणि दुसरीवर "विषम" अशी चिठ्ठी लावावी आणि आठवड्याआड त्या आलटून पालटून वापराव्यात. जी वापरात नाही ती ठाण्याच्या बहिणीकडे किंवा डोंबिवलीच्या मामांकडे राहू द्यावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावर संगणक आणि त्याच कपाटात बॅकअप ठेवणाऱ्यांचे काय झाले असेल हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. डिस्क प्रत घेताना जोडावी आणि प्रत होताच काढावी. गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड किंवा वनड्राइव्हवर फाइली आपोआप चढतात, पण तो बॅकअप नव्हे. संगणकावर फाइल बिघडली की तिचा बिघाडही तसाच आपोआप वर चढतो. तेथे जुनी आवृत्ती परत मिळवण्याची सोय मर्यादित दिवसांसाठी असते. गूगल ड्राइव्हवर ती साधारण ३० दिवसांची आहे, म्हणून ती कोठून उघडते हे आधी शोधून ठेवावे. विंडोज त्याच संगणकावर आपणहून ठेवते त्या छाया-प्रतींवर विसंबू नये. त्या पुसून टाकणे हे असल्या प्रोग्रामांचे नेहमीचे काम असते.

कचेरीसाठी दोन वाढीव नोंदी आहेत. हिशेबनिसांना घरून काम करता यावे म्हणून एनीडेस्क हे दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवून त्याला कायमचा पासवर्ड देऊन ठेवला असेल, किंवा राउटरमधून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे दार, म्हणजे पोर्ट ३३८९, उघडे ठेवले असेल, तर ते आज बंद करावे आणि जरूर असेल तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे कचेरीच्या जाळ्यात येण्याच्या खासगी, सुरक्षित वाटेनेच, तशी सोय द्यावी. रोजचे काम ॲडमिन नसलेल्या साध्या खात्यातून करावे. विंडोजमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाची सोय आहे, जी अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांत लिहू देत नाही. ती मुळात बंद असते. सुरू केल्यावर आपलेच एखादे सॉफ्टवेअर अडले तर त्याला परवानगी द्यावी लागते, पण तेवढा त्रास सोसण्याजोगा आहे.

अपडेटविषयी थोडक्यात सांगतो. १२ मे २०१७ रोजी १५० हून अधिक देशांत पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीच्या प्रोग्रामने विंडोजमधील ज्या छिद्राचा फायदा घेतला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. म्हणजे लोकांच्या हाती ५९ दिवस होते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्या यंत्रांपुढे वहीत लाल खूण करावी.

यानंतर वहीत एक पान पहिल्या तासासाठी राखावे आणि ते भिंतीवरही लावावे, कारण त्या वेळी डोके ताळ्यावर नसते. नेटवर्कची तार उपसावी आणि राउटर बंद करावा. पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढावा. बॅकअपची डिस्क काही झाले तरी जोडू नये. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी उपकरणावरून, आणि सुरुवात ई-मेलपासून करायची. संगणक फॉरमॅट करण्याची घाई करू नये. बंद झालेल्या फाइली एका डिस्कवर उचलून ठेवाव्यात, कारण त्या उघडण्याचे साधन पुढे मिळू शकते. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या उपक्रमाकडे अशी साधने मोफत मिळतात. शंभर टक्के डेटा परत आणून देतो म्हणणाऱ्या जाहिरातदारांपासून मात्र सावध राहावे, कारण त्यांपैकी काही जण गुपचूप खंडणी भरतात आणि तीवर आपला नफा चढवतात.

पैसे द्यायचे की नाही, हा निर्णय आजच, शांतपणे, घरच्यांशी किंवा भागीदारांशी बोलून लिहून ठेवावा. माझे मत न देण्याचे आहे. नॉटपेट्याच्या वेळी खंडणीखोरांचा ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीनेच बंद केला होता आणि तो प्रोग्राम फाइली परत देण्याजोगा मुळात नव्हताच, त्यामुळे भरलेले बिटकॉइन वाया गेले. आकड्याखाली ७२ तासांची मुदत लिहिलेली असते ती आपल्याला विचार करू न देण्यासाठी. तरीही, ज्या डॉक्टरकडे रुग्णांच्या नोंदींची दुसरी प्रतच नाही, त्याने वेगळा निर्णय घेतला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

तक्रारीचे पानही आधीच तयार असावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. हद्दीचे कारण सांगून पोलीस ठाण्याने परत पाठवले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीबाहेरचाही गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे सांगावे. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ आणि संगणकाच्या नुकसानीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ लागते. कंपन्यांनी एक गोष्ट विसरू नये: २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे बंधनकारक आहे.

शेवटची नोंद तालमीची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअपमधून कोणतीही एक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये आणून उघडून पाहावी आणि वहीत तारीख व सही टाकावी. उघडून न पाहिलेल्या डिस्कला बॅकअप म्हणू नये. आतेभावाच्या कचेरीत ही सही आता हिशेबनीस करतात. त्याखेरीज त्याने सीपीयू टेबलाखालून काढून टेबलावर, पोर्टांची बाजू माणसाकडे करून ठेवला आहे, म्हणजे डिस्क काढायला कोणाला वाकावे लागत नाही.