थॉमस अक्वायनसचा पाचवा प्रश्न कसा वाचावा

मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतांना चांगुलपणा म्हणजे नेमकं काय वाटत होतं, हे कळून घ्यायचं तर थॉमसच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या धर्मशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातला पाचवा प्रश्न उघडा. त्यात सहाच कलमं आहेत. पहिलं घ्या, पण वरून खाली वाचू नका. आधी पूर्वपक्ष, म्हणजे थॉमसच्या मताविरुद्धचे आक्षेप, येतो, आणि नवखा वाचक तेच थॉमसचं मत धरून चालतो. मी थेट 'मी उत्तर देतो' या शब्दांपाशी जायला सांगते. सिद्धान्त तिथे आहे.

तो असा: असणं आणि चांगलं असणं वस्तुतः एकच, फरक फक्त आपल्या विचारात. यामागची साखळी पेन्सिलीने समासात लिहून काढा. चांगलं ते, जे सगळ्यांना हवंसं वाटतं (हे ॲरिस्टॉटलचं). हवंसं वाटतं ते पूर्णत्वामुळे. पूर्णत्व येतं प्रत्यक्षात असण्यामुळे. पुस्तक मिटून ही साखळी सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता पहिला आक्षेप वाचा आणि लगेच त्याचं उत्तर. आक्षेप बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाचा आहे: वस्तू असणं वेगळं, चांगली असणं वेगळं. थॉमस त्याला झिडकारत नाही, इथेच मला तो फार आवडतो. जन्मलेलं मूल पुरतं 'आहे', आणि तेवढ्यापुरतं चांगलंही आहे. पण कुठलीही पुस्ती न जोडता 'चांगला माणूस' म्हणायला न्याय, विवेक अंगी यावे लागतात.

मग वाईटाचं काय? त्यासाठी अठ्ठेचाळिसावा प्रश्न, तिसरं कलम. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, हे थॉमसच्या कित्येक शतकं आधीच्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताचं म्हणणं. तरुणपणी वाईटाला स्वतंत्र शक्ती मानणाऱ्या मॅनिकी पंथात काही वर्षं काढून तो इथवर आला होता. थॉमस त्यात एक अट घालतो: असायला हवं होतं त्याचाच अभाव वाईट. दगडाला दिसत नाही, यात वाईट काही नाही. माणसाला दिसत नाही, तेव्हा आहे. नाहीतर सिंहाचं बळ नाही म्हणून प्रत्येक माणूस वाईट ठरला असता.

'म्हणजे दुःख खोटंच का?' असं कुणी विचारलं तर ठाम नाही म्हणा. अंधत्व त्या डोळ्यात खरोखर असतं. वाचून झाल्यावर खोटं बोलण्याचं उदाहरण घेऊन स्वतः करून पाहा. त्यात बुद्धी आहे, वाणी आहे, दोन्ही चांगल्या. मग नाही ते काय, आणि ते कुणात असायला हवं होतं, एवढं एका वाक्यात लिहा.