एमजीबीची चाकं: पावसाळ्यात फसलेलं काम दिवाळीला जमलं

आमच्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १४ इंची अलॉय चाकांवरून हात फिरवला की बोटांना पीठ लागायचं. जुनं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, सुटलं की आत ओल शिरते आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुकणी धरते. एका चाकाची तर रात्रीत हवा उतरायची. टायर काढल्यावर दिसलं, टायरची कड बसते तिथेच बारीक खड्डे पडले होते.

उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्या मित्राने आधी चाकं मॅग्नेशियमची नाहीत ना, हे बघून घ्यायला लावलं. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो. जुना रंग पेंट रिमूव्हरने काढला. कुणी कॉस्टिक सोडा सुचवला तर ऐकू नका, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो. मग १२० चा पॉलिश पेपर, पुढे २४०, ४००, शेवटी ६०० पाण्यात भिजवून. आऱ्यांच्या बेचक्यांत मशीन जात नाही. तिथे बोटाला पेपर गुंडाळून दोन संध्याकाळी गेल्या.

चूक झाली जुलैमध्ये. बाहेर धो-धो पाऊस आणि मी घाईने लॅकर मारलं. बघता बघता सगळं दुधाळ! हवेतली ओल त्यात अडकली होती. फार वाईट वाटलं. पुन्हा घासलं, ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिली. एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, मग चंदेरी रंगाचे दोन पातळ हात, वर लॅकर.

नटांच्या बैठका आणि हबला टेकणारी बाजू मात्र टेप लावून कोरी ठेवली. तिथला रंग दबला की नट सैल पडतात. १०० किलोमीटरनंतर ते टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) पुन्हा तपासले. तीन आठवडे झाले, त्या चाकाची हवा हललेली नाही.