मडक्यात राहून गेलेलं पिल्लू

पुण्यात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा बजी, म्हणजे बजरीगार हे छोटे पोपट असतात. बजीची मादी एक दिवसाआड अंडं घालते आणि सगळी होण्याची वाट न बघता उबवायला बसते. अठरा दिवसांनी पिल्लंही तशीच मागेपुढे बाहेर येतात. घरट्यासाठी पिंजऱ्यात मडकं ठेवतात. पाच अंड्यांच्या मडक्यात थोरलं नि धाकटं यांच्यात आठ दिवसांचं अंतर पडतं. धाकटं बाकीच्यांच्या खाली दबतं, उपाशी राहतं. मालकानं पिंजऱ्याकडे पाठ फिरवली असेल तर सगळ्यांचेच हाल.

पिल्लू उचलण्याआधी त्याचा गळा बघा. गळ्याच्या पायथ्याशी अन्न साठवायची पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. पोटभर खाल्लेल्या पिल्लाचा क्रॉप फुगलेला असतो आणि पातळ कातडीतून दाणे दिसतात. तास-दोन तासांनी पुन्हा बघूनही तो सपाट असेल, पिल्लू हाताला गार लागत असेल, डोकं अंगापेक्षा मोठं वाटत असेल, तरच हात घाला. दुसऱ्या एखाद्या जोडीकडे त्याच वयाची, मोजकी पिल्लं असतील आणि दोन्हीकडचे पक्षी निरोगी असतील, तर आधी गरम करून त्यांच्या मडक्यात सोडणं हा सगळ्यात चांगला उपाय. हातानं भरवणं शेवटचा.

आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. हा क्रम उलटा झाला की पिल्लू जातं, आणि बहुतेक पिल्लं दयेपोटीच अशी मारली जातात. गार पडलेल्या पिल्लाचं पचन थांबलेलं असतं. तशात भरवलेलं अन्न क्रॉपमध्ये पडून आंबतं.

उबेसाठी प्लॅस्टिकचा डबा किंवा थर्माकोलचं खोकं घ्या, झाकणाला हवेसाठी भोकं पाडा. शेकायचा इलेक्ट्रिक पॅड तळाच्या फक्त अर्ध्या भागाखाली ठेवा, म्हणजे पिल्लाला गरम वाटलं तर सरकायला जागा राहते. थर्मामीटर पिल्लाच्या उंचीवर हवा. नुकतं जन्मलेलं असेल तर ३५ ते ३६ अंश, आठवड्याचं उघडं पिल्लू ३३ च्या आसपास, पिसांच्या काड्या फुटल्या की ३० आणि पिसं भरली की २५. पिल्लू धापा टाकतंय, लालबुंद झालंय, पंख अंगापासून लांब धरतंय म्हणजे तापमान जास्त आहे. डब्यात ओल्या फडक्याची वाटी ठेवा, नाहीतर कातडी सुरकुतते. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, तेव्हा ती जाणार हे धरूनच चाला: गरम पाण्याच्या दोन बाटल्या नॅपकिनात गुंडाळून तयार असू द्या. डिसेंबरातल्या रात्री अर्ध्या तासातही डबा निवतो.

डब्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका. कपाटात घालतात ती जाळीदार रबरी मॅट आणि वर टिश्यू पेपर ठीक. गुळगुळीत तळावर पाय दोन्हीकडे फाकतात. मडक्यात भुसा न घालण्याचा परिणामही हाच. पहिल्या दोन आठवड्यांत हे दिसलं तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडून दोन्ही पाय मऊ पट्टीनं जवळ बांधून घेतले की सरळ होतात. हाडं पक्की झाल्यावर नाही.

पिल्लू गरम झालं की ओआरएसचं कोमट पाणी चोचीच्या कडेला थेंबाथेंबानं लावा. ते गिळलं आणि क्रॉप रिकामा झाला, मगच भरवणं. पिल्लांसाठीची हँडफीडिंग पावडर मिळते तीच आणा. सेरेलॅक, सातूचं पीठ, दुधात भिजवलेला पाव यांतलं काही नको. दूध पक्ष्यांना पचत नाही.

मिश्रण पहिल्या दोन-तीन दिवसांत दुधासारखं पातळ, नंतर टोमॅटो सॉसइतकं दाट. तापमान ३९ ते ४१ अंश. तापाचा डिजिटल थर्मामीटर इथे चालतो, फक्त तो याच कामासाठी वेगळा ठेवा. ४३ च्या वर क्रॉप आतून भाजतो; चार-पाच दिवसांनी बाहेर खपली दिसते आणि मग भोक पडतं. मायक्रोवेव्हमध्ये एकाच वाटीत गार आणि चटका बसेल असे दोन्ही भाग राहतात, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून ढवळा.

एका वेळचं प्रमाण वजनाच्या साधारण दहा टक्के: १५ ग्रॅमच्या पिल्लाला दीड मिली. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा घ्या आणि रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन लिहून ठेवा. वाढत्या वयात एक दिवसही वजन घटलं तर वाट बघू नका. पहिला आठवडा दर दोन तासांनी, दुसरा तीन, तिसरा चार. मोठ्या पिल्लाचा क्रॉप रात्री एकदा पूर्ण रिकामा झाला पाहिजे. बारा तासांनंतरही गोळा तसाच असेल तर चोळत बसू नका, डॉक्टर गाठा.

बजीच्या पिल्लाला सिरिंजपेक्षा चमचा बरा. लहान चमच्याच्या दोन्ही कडा आत वाकवा, पन्हळीसारखा होईल. सिरिंजच वापरणार असाल तर सुई काढून, पिल्लाच्या डाव्या बाजूनं चोचीत टोक ठेवून उजवीकडे, आत. पिल्लू मान हलवत मागत असेल तेव्हाच दाबा. न मागता भरवलेलं श्वासनलिकेत जातं. नाकातून अन्न आलं की थांबा.

भरवून झाल्यावर वरच्या चोचीच्या आत बघा. तिथे अन्न घट्ट बसून राहिलं तर खालची चोच पुढे वाढते. घाण मडक्यातल्या पिल्लांच्या बोटांवर विष्ठेचे खडे होतात, त्यात नख अडकलेलं असतं. ओढू नका. कोमट पाण्यात पाच मिनिटं पाय बुडवा, खडा मऊ झाला की टूथपिकनं सोडवा. अंगावर किडे दिसले तर कुत्र्यांसाठीची किडे मारायची पावडर टाकू नका.

तुमचे आणखी पक्षी असतील तर नव्यानं आलेल्या पिल्लाला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. खोलीत डासांची कॉइल, धूप, तापलेला नॉनस्टिक तवा नको. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हे सोसत नाही. पिल्लाला हात लावल्यावर आपले हात साबणानं धुवा, वाळलेली विष्ठा झाडताना मास्क घाला.

हे सगळं बजी, कॉकटेल (कॉकटिएल हा तुरेवाला पोपट), आफ्रिकी लव्हबर्ड यांच्यासाठी. पिल्लू आपल्याकडच्या हिरव्या पोपटाचं किंवा मुनियाचं असेल तर ते पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. गरम डब्यात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

बजी पाच-सहा आठवड्यांत, कॉकटेल आठ-दहा आठवड्यांत स्वतः खाऊ लागतं. राळ्याची कणसं आणि समुद्रफेस तळाशीच ठेवा, वाटीत नको. पिल्लं आधी जमिनीवर टोचतात. हातचं खाणं एकदम बंद करू नका. आधी दुपारचं सोडा, मग सकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी.